सीट धरावी, हँडल धरू नये
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा पहिला प्रश्न होता. अशा प्रसंगी वक्ते बहुधा समाजाची उन्नती, संघटनेचे महत्त्व, तरुणांचे कर्तव्य यांवर बोलतात. ते विषय मोठे आहेत, आणि त्यांवर बोलण्यास माझ्याहून अधिकारी मंडळी या व्यासपीठावर बसली आहेत. मी आपला घरातल्या आणि रस्त्यावरच्या साध्या गोष्टींविषयी बोलणार आहे : सायकल, तंबोरा, फुटबॉल आणि आपली मुले. शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवावयाची आहे आणि तिच्यासाठीच ही सारी प्रस्तावना आहे, हेही आताच सांगून टाकतो, म्हणजे कोषाध्यक्ष सावध होऊन बसतील.

आपल्यापैकी बहुतेकांची घराणी दोन-तीन पिढ्यांपूर्वी खेड्यातून शहरात आली. कोणी शिक्षणासाठी आले, कोणी नोकरीसाठी, कोणी दुष्काळाने आणले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहाचा प्रारंभ केला आणि पुढे तेथे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली. पुणे-मुंबईकडेही अनेक ज्ञातिसंस्थांनी खेड्यातून आलेल्या मुलाला निजण्यापुरती जागा आणि दोन वेळचे जेवण देणे हेच आपले पहिले कार्य मानले. शहराने आपल्याला पुष्कळ दिले. शाळा दिली, दवाखाना दिला, नळाचे पाणी दिले, महिन्याच्या पहिल्या तारखेचा पगार दिला. शहराविषयी कृतघ्न होण्याचे कारण नाही. परंतु दिल्या-घेतल्याचा हिशेब मांडावयाचा तर घेतल्याचीही बाजू लिहिली पाहिजे. शहराने आपल्या मुलांचे अंगण घेतले, परसू घेतले, आणि संध्याकाळी 'दिवेलागणीला घरी ये' एवढेच सांगून मुलाला सोडून देण्याची आईची निर्धास्त वृत्ती घेतली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील शेकडा पंचेचाळीसहून अधिक लोक नागरी भागात राहत असल्याचे आढळले. तेव्हा हा प्रश्न मूठभर पुणेकर-मुंबईकरांचा राहिलेला नाही.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. या शहराला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. सकाळी कारखान्यांकडे आणि कचेऱ्यांकडे जाणारा सायकलींचा लोंढा ज्यांनी पाहिला, अशी वडीलमंडळी या सभेतही आहेत. प्राध्यापक सायकलवर, कारकून सायकलवर, दूधवाला सायकलवर आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीही सायकलवर. तासाच्या बोलीने सायकल भाड्याने मिळे. उंची न पुरणारी मुले नळीखालून पाय घालून 'हाफ पेडल' मारीत, आणि तास भरण्यापूर्वी सायकल परत करण्यासाठी जिवाच्या आकांताने दामटीत. पुढे स्वयंचलित दुचाक्या आल्या, मागून मोटारी आल्या, आणि २०१८ साली पुण्यातील नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येहूनही अधिक झाल्याचे वर्तमानपत्रांत आले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ साली, महापालिकेने शहरासाठी सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला होता. आराखडा कागदावर मंजूर होतो. मुलाला मात्र चाक फिरविण्यास जमीन लागते.

जमीन गेली म्हणून आपण मुलांचा वेळ भरून काढण्याचे दुसरे मार्ग शोधले. शाळा, शाळेनंतर शिकवणी, सोमवारी चित्रकला, मंगळवारी कराटे, बुधवारी पेटी, शनिवारी अंकगणिताचा आणखी एक वर्ग. यांतील एकही गोष्ट वाईट नाही. ज्यांना ती परवडते ते आईबाप पोटाला चिमटा घेऊन तिचे शुल्क भरतात, याचीही मला जाणीव आहे. माझे म्हणणे एवढेच की, या दिनक्रमात मुलाच्या मनगटावर सतत कोणा ना कोणा वडीलधाऱ्याचा हात असतो. एक हात सुटला की दुसरा धरतो. हात प्रेमाचा आहे, यात शंका नाही. पण त्या हाताने नेमके कोठे धरावे आणि केव्हा सोडावे, हे ठरविणे सोपे नाही. मला स्वतःला याचे उत्तर तीन ठिकाणी सापडले.

पहिले ठिकाण सायकलचे. दोन चाकांवर माणूस तोल सावरतो कसा? सायकल उजवीकडे कलू लागली की स्वार नकळत हँडल उजवीकडे वळवितो. त्यामुळे चाके पुन्हा त्याच्या भाराखाली येतात आणि सायकल उभी राहते. म्हणजे ज्या बाजूला पडावयाचे भय, त्याच बाजूला वळावयाचे! ही क्रिया इतकी गुंतागुंतीची आहे की, सायकलला शंभराहून अधिक वर्षे उलटून गेल्यावरही शास्त्रज्ञांचा तिच्यावरील विचार संपलेला नाही. फिरत्या चाकांच्या गतीमुळे आणि पुढच्या चाकाच्या विशिष्ट मांडणीमुळे सायकल उभी राहते, असे पूर्वी सांगत. २०११ साली डच आणि अमेरिकी संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की, या दोन्ही गोष्टींचा परिणाम काढून टाकलेली दुचाकीही ढकलून दिली असता पुरेसा वेग असेपर्यंत स्वतःला सावरून धरते. विद्वानांना जे समीकरणात मांडण्यास इतकी वर्षे लागली, ते सहा-सात वर्षांचे पोर एका रविवारी शिकून जाते.

शिकते मात्र एका अटीवर : हँडल त्याच्या हाती असले पाहिजे. माझी धाकटी मुलगी सायकल शिकू लागली तेव्हा आमच्या वसाहतीतील एका वृद्ध सायकल दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी मला सांगितले, "साहेब, सीट धरा, हँडल धरू नका." त्या एका वाक्यात सारे शास्त्र आले. बापाने हँडल धरले की सायकल कलत नाही. कलत नाही म्हणून मूल सावरावयास शिकत नाही. मागे लावावयाच्या दोन छोट्या चाकांचेही तेच. ती मुलाला पडू देत नाहीत आणि तोलही कळू देत नाहीत. त्यापेक्षा जुना मार्ग बरा. १८१७ साली जर्मनीत कार्ल द्राइस यांनी जी पहिली दुचाकी चालविली, तिला पेडल नव्हतेच. स्वार जमिनीवर पाय मारीत पुढे जाई. पेडले त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने आली. मुलांनाही याच क्रमाने शिकवावे. पेडले काढून ठेवावीत, सीट इतकी खाली घ्यावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील, आणि मुलाला हलक्या उतारावर पायांनी ढकलत जाऊ द्यावे. तोल साधला की पेडले पुन्हा बसवावीत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते विसरून जोर केल्यास आटे खराब होतात, एवढी सूचना गृहस्थाश्रमी मंडळींना देऊन ठेवतो.

"बाबा, सोडू नका हं!" असे मुलगी ओरडत होती आणि मी मागून धावत होतो. काही वेळाने माझा हात सीटवर नव्हता. पावले मात्र मागे वाजत होती. तिला पावले ऐकू येत होती, तेवढ्यावर तिचे चालले. हात आणि पावले यांत जे अंतर आहे, तेच पालकाने ओळखावयाचे असते.

दुसरे ठिकाण संगीताचे. गाण्याच्या बैठकीत आपण गवयाकडे पाहतो, तबल्याकडे पाहतो. मागे बसून तंबोरा छेडणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. पण तो थांबला तर बैठकच थांबेल. तंबोऱ्याला चार तारा : पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून 'जवारी' लावतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला तर तारेचा गुंजारव विरून जातो. मिरजेचे कारागीर हे काम पिढ्यान्पिढ्या करीत आले आहेत, आणि त्यासाठी लागणारे मोठे भोपळे सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याकडे पिकतात.

हा तंबोरा गायकाला काय शिकवितो? तो राग गात नाही, तान घेत नाही, चुकलेला स्वर दुरुस्त करून देत नाही. तो आपला षड्ज सोडत नाही, एवढेच. पण त्यामुळेच शिकणाऱ्याला आपला स्वर कोठे उतरला, कोठे चढला हे स्वतःच्या कानाने कळते. पेटीवर प्रत्येक स्वर वाजवून दाखविला की मूल पेटीच्या मागे मागे गाते. तंबोऱ्यावर त्याला स्वर स्वतः शोधावा लागतो. घरानेही मुलासाठी असा तंबोरा व्हावे. ठरल्या वेळी जेवण, दिलेला शब्द पाळणे, खोटे न बोलणे, घरातल्या वृद्धांशी आणि कामाला येणाऱ्या बाईंशी आदराने बोलणे, हे घराचे षड्ज-पंचम. ते रोज वाजत राहिले की मुलाला उपदेश थोडा पुरतो. आणि ते बेसूर असले, तर कितीही महागडा वर्ग लावा, जवारी लागावयाची नाही.

या क्षेत्रातील परंपरेकडेही जरा पाहा. अब्दुल करीम खाँसाहेबांनी रामभाऊ कुंदगोळकरांना, म्हणजे सवाई गंधर्वांना, शिकविले. सवाई गंधर्वांकडे गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन शिकल्या. फिरोज दस्तूर शिकले. भीमसेन जोशी शिकले. गुरूच्या शोधात घर सोडून निघाले तेव्हा भीमसेन अवघे अकरा वर्षांचे होते. आपल्या मुलांना घर सोडू द्यावे असे मी सुचवीत नाही! सांगावयाचे ते एवढेच की, मुलाची खरी ओढ आईबापांच्या वेळापत्रकात बसेलच असे नाही. १९५३ पासून पुण्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ जो महोत्सव होत आला, तो भीमसेनांनी गुरूसाठी उभा केला. आणि ही गुरुशिष्यांची साखळी पाहिली तर तिच्यात किती जाती, किती धर्म, किती गावे ओवली गेली आहेत! ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे बोलण्यात मला संकोच वाटत नाही. स्वर कोणाच्याही कंठात तितकाच शुद्ध लागतो, हे आपल्या मुलांना आपल्याच मंडपात कळलेले बरे.

तिसरे ठिकाण मैदानाचे. क्रिकेटचे वेड आपल्या रक्तातच आहे. पण माझा थोरला मुलगा फुटबॉलमध्ये रमला आणि त्याच्यामुळे मीही त्या खेळाच्या कडेला उभा राहू लागलो. या खेळाला एक चेंडू पुरतो. १९११ साली कलकत्त्यात मोहन बागानच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकले, तेव्हा एक खेळाडू सोडला तर बाकीचे सारे अनवाणी होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरविले. त्यांतील तीन गोल मूळचे गोव्याचे आणि मुंबईत खेळणारे नेव्हिल डिसोझा यांनी केले. त्या स्पर्धेत आपण चौथे आलो. त्या संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने हैदराबादचे शिक्षक. १९५१ आणि १९६२ या दोन्ही वर्षी भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. आपल्याकडे कोल्हापुरात तर पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की सारी पेठ लोटते.

या खेळातला एक नियम मला पालकांनी भिंतीवर लावून ठेवण्याच्या योग्यतेचा वाटतो. एखाद्या खेळाडूने आगळीक केली, पण खेळ थांबविण्याने अन्याय झालेल्या पक्षाचेच नुकसान होणार असेल, तर पंचाने शिटी वाजवू नये. हात पुढे करून खेळ चालू ठेवावा. म्हणजे पंचाने चूक पाहिली नाही असे नव्हे. त्याने पाहिली, मनात नोंदली आणि तरी शिटी आवरली. शिटी ओठांशी असून ती न वाजविणे हे वाजविण्याहून अवघड आहे. आणि मैदानाच्या कडेला उभे असलेले आपण? "अरे, डावीकडे दे! मार! आता मार!" अशा आरोळ्या चारी बाजूंनी ऐकून गोंधळलेली, चेंडू सोडून बापाच्या तोंडाकडे पाहणारी मुले मी पाहिली आहेत. तेवढ्यात चेंडू दुसरा कोणी घेऊन जातो. फुटबॉलमध्ये चेंडू एकट्याचा नसतो. तो योग्य वेळी दुसऱ्याला द्यावा लागतो. कोणाला द्यावयाचा हे ज्याने स्वतः ठरविले नाही, तो उद्या संसारात आणि समाजात तरी काय ठरविणार?

सायकल, तंबोरा आणि फुटबॉल या तिघांचा निर्वाळा एकच आहे. मागे असावे, पुढे होऊ नये. ऐकू यावे, पण आज्ञा देत राहू नये. पाहावे, पण प्रत्येक वेळी शिटी वाजवू नये. मात्र याचा विपरीत अर्थ होऊ देऊ नये. मुलाच्या हाती भ्रमणध्वनी देऊन आपण आपल्या भ्रमणध्वनीत मान घालून बसणे म्हणजे सीट सोडणे नव्हे. ते मैदान सोडून जाणे होय. तेथे हातही नाही आणि पावलेही नाहीत. मोकळीक आणि दुर्लक्ष यांत तंबोरा छेडणे आणि तंबोरा खुंटीला टांगणे यांच्याइतका फरक आहे.

कोणी म्हणेल, "बोलणे ठीक आहे, पण आजच्या रस्त्यावर मुलाला सायकल घेऊन सोडावे तरी कसे?" हा आक्षेप अगदी योग्य आहे. मीही सोडणार नाही. गुडघा फुटणे आणि मोटारीखाली येणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. म्हणूनच जेथे फार तर गुडघाच फुटेल अशी जागा मुलांसाठी राखून ठेवणे हे मोठ्यांचे कर्तव्य ठरते. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालकांच्या हक्कांची जी संहिता स्वीकारली, तिच्या एकतिसाव्या कलमात मुलाचा विश्रांतीचा, खेळण्याचा आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क मान्य केला आहे; भारताने ती १९९२ साली मान्य केली. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी तर त्याच्या कितीतरी आधी, मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच गुरे चारणाऱ्या मुलांकडे कुरणावर नेली होती. मूल जेथे आहे तेथे त्याच्या विकासाची सोय करावयाची, हा विचार या मातीत नवा नाही.

आता विनंती. आपल्या कार्यालयामागची मोकळी जागा वाहने उभी करण्यासाठी मासिक भाड्याने द्यावी, असा विचार कार्यकारी मंडळापुढे आहे. त्यामागील हेतू चांगला आहे. भाड्याच्या उत्पन्नातून शिष्यवृत्त्यांचा निधी वाढेल. मी स्वतः अशाच शिष्यवृत्तीवर शिकलो आहे, त्यामुळे तिचे मोल मला ठाऊक आहे. तरीही माझी प्रार्थना आहे की, ती जागा रोज सायंकाळी पाच ते सातपर्यंत मुलांसाठी मोकळी ठेवावी. इतर वेळी वाहने खुशाल उभी राहोत. भाडे थोडे कमी येईल. ती तूट भरून काढण्यासाठी वर्गणी द्यावयास मी पहिला तयार आहे, आणि आणखी दहा घरे तयार होतील असा मला विश्वास वाटतो.

या दोन तासांसाठी खर्च जवळजवळ नाही. ज्या घरांत मुले मोठी होऊन लहान सायकली अडगळीत पडल्या आहेत, त्यांनी त्या कार्यालयात आणून द्याव्यात. दोन चेंडू मी देतो. निवृत्त सभासदांपैकी एकाने पाळीपाळीने खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचीत बसावे. कोणी पडले तर उठावे, एरव्ही वाचीत राहावे. मुलींना मुलांइतकाच मोकळेपणा असावा, आणि शेजारपाजारची, कोणत्याही ज्ञातीची मुले आली तर फाटक उघडे असावे. सहा मुलांत फुटबॉल होत नाही. महिन्यातून एका रविवारी सभागृहात तंबोरा लावून आपल्यातीलच गाणाऱ्यांनी तासभर गावे, मुलांनी वाटल्यास बसावे, वाटल्यास उठून जावे. आणि एक हात जोडून मागणे : कृपा करून यांपैकी कशालाही परीक्षा, प्रमाणपत्र किंवा फिरती ढाल लावू नये. दहावी-बारावीच्या ज्या विद्यार्थ्यांचा आज आपण गौरव केला, त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. गुणांना बक्षीस असावेच. पण दिवसातले दोन तास तरी गुणांवाचून असू द्यावेत.

आपल्या वाडवडिलांनी खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात निजण्यापुरती जागा दिली. त्या मुलाच्या नातवंडांना शहरात धावण्यापुरती जागा देणे हे त्याच कार्याचे पुढचे पाऊल आहे, असे मला वाटते. मंडळाने या विनंतीचा सहानुभूतीने विचार करावा. समोर बसलेल्या बालमित्रांना भरपूर खेळण्याचा आशीर्वाद देऊन, मी आपली रजा घेतो.